छऱ्याची बंदूक

आम्ही तिघे भाऊ. थोरला पासष्टीचा, मधला साठीचा, धाकटा पंचावन्नीच्या आतबाहेर. लिहिणारा हात एकाचा असला तरी हा लेख तिघांचा आहे. वेगवेगळं बोलायची आम्हाला सवय नाही. आणि एका गोष्टीबाबत तर वेगळं बोलायचंच नाही, असं आमचं फार पूर्वी ठरलेलं आहे. ती गोष्ट पुढं येईल.

गेल्या मे महिन्यात थोरल्याचा नातू पुण्याहून गावी आला. नववी होऊन दहावीत गेलेला. रात्री गच्चीवर अंथरुणं टाकली होती. त्यानं मोबाइल आमच्यापुढं धरला. इंग्लंडमधला कुणी माणूस हिरव्यागार रानात पालथा पडून सशावर नेम धरत होता. 'फट्' असा बारीकसा आवाज झाला आणि ससा जागच्या जागी आडवा.

"दादा, मला अशी एअर रायफल घ्यायचीय. ससे, तितर मारायला कुठली चांगली? पॉइंट वन सेव्हन सेव्हन की पॉइंट टू टू?"

तो आम्हा तिघांनाही दादाच म्हणतो. थोरल्यानं मधल्याकडं पाहिलं, मधल्यानं धाकट्याकडं. बऱ्याच वेळानं धाकटा म्हणाला, "सकाळी बोलू. आता झोप."

आम्हाला मात्र झोप आली नाही. त्याचा प्रश्न आमच्या ओळखीचा होता. चाळीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न घेऊन आम्ही पुण्याच्या एका दुकानात उभे होतो.

आमचं गाव माण तालुक्यात. पाऊस कमी, माळ मोठा. बाजरी, मटकी, मेंढरं. गावात मुलाण्याचं एकच घर, ते आमचं. आमच्या घरात धार असलेली मौल्यवान वस्तू एकच होती, अब्बांची सुरी. तिला हत्यार म्हटलेलं अब्बांना खपायचं नाही. न्हाव्याचा वस्तरा तशी मुलाण्याची सुरी, असं ते म्हणायचे. जत्रेचं बकरं असो, लग्नाचं असो की पाहुण्यासाठी कापलेलं कोंबडं असो, सुरी अब्बांची फिरायची. 'बिस्मिल्लाही अल्लाहु अकबर' म्हणायचं, एका दमात गळा सोडवायचा आणि रक्त पुरतं वाहून जाईपर्यंत जनावराला हात लावायचा नाही. गावातले मराठे, धनगर, माळी, कुणालाच मुलाण्यानं न केलेलं मटण चालायचं नाही. असं का, हे त्यांना सांगता आलं नसतं. रीत होती आणि ती सगळ्यांची होती.

अब्बांचे नेम कडक होते. जनावरासमोर सुरीला धार लावायची नाही. एकाच्या देखत दुसरं कापायचं नाही. आधी पाणी पाजायचं. सुरी बोथट असेल तर त्या दिवशी काम करायचं नाही, मग पाटलाचं बोलावणं असलं तरी. कापायचं ते चांगल्या तऱ्हेनं कापा, जनावराला आराम द्या, अशी हदीस आहे. अब्बांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ही हदीस त्यांच्या हातात होती.

शिकारीशी आमचा संबंध आला तो या सुरीमुळंच. पाटलाच्या वाड्यावर हिवाळ्यात पाहुणे यायचे. बाराबोर घेऊन माळावर जायचे, तितर आणि ससे मारायचे. आम्ही पोरं मागं. पाखरू पडलं की त्याचा जीव जायच्या आत मुलाण्याच्या पोरानं पोचायचं, मान धरायची, सुरी फिरवायची. काट्याकुट्यांतून अनवाणी पळायचो. उशीर झाला आणि पाखरू मेलं, तर शिव्या आम्हाला. नेम धरणारा एक आणि धावणारे आम्ही, हे आमच्या मनात सलायचं. आमच्या घरी मटणाची ददात नव्हती, हक्काचा वाटा यायचा. आम्हाला बंदूक हवी होती ती भुकेसाठी नव्हे, एकदा तरी पुढं चालायला मिळावं म्हणून.

१९८४ मध्ये थोरला पिंपरीच्या एका कारखान्यात लागला. दिवाळीला पहिला बोनस मिळाला. आम्ही तिघांनी अब्बांना न सांगता एसटी धरली आणि पुण्यातल्या एका जुन्या दुकानात गेलो. धाकटा तेव्हा सातवी-आठवीत. गल्ल्यावर एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी काउंटरवर तीन बंदुका मांडल्या.

पहिली हलकी आणि स्वस्त. तिच्या नळीला आतून पीळ नव्हता, नुसती गुळगुळीत. दुसरी 'नॅशनल', इंडियन ह्यूम पाइप कंपनीची. सिमेंटचे पाइप करणारी कंपनी बंदुकाही करते, याची आम्हाला गंमत वाटली. तिसरी जर्मन 'डायना', कुणीतरी विकायला ठेवलेली, दस्त्याचं लाकूड वापरून वापरून काळं पडलेलं.

तिघींची रीत एकच. नळी मध्ये मोडायची आणि खाली ओढायची, म्हणजे आतली स्प्रिंग दबून अडकते. नळीच्या मागच्या तोंडात छर्रा बसवायचा आणि नळी सरळ करायची. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढं धावतो, त्याच्यापुढं कोंडलेली हवा छऱ्याला ढकलते. दारू नाही, धूर नाही. छर्रा शिशाचा, साडेचार मिलिमीटर जाडीचा, कमरेत बारीक, डमरूसारखा. वजन अर्धा ग्रॅम.

म्हातारबाबांनी आम्हाला अर्धा तास दिला. ते म्हणाले, "शिकारीसाठी घेताय, तर तीन गोष्टी बघा. नळीत पीळ हवा. पिळानं छर्रा फिरतो आणि फिरला तर सरळ जातो. दुसरं, स्प्रिंगमध्ये दम हवा. तिसरं, बंदूक दर वेळी सारखी धरता आली पाहिजे. स्प्रिंगच्या बंदुकीला दोन धक्के असतात, एक मागं आणि एक पुढं. घट्ट आवळून धराल तर नेम जाईल. डाव्या तळव्यावर नुसती टेकवा, तिला हलायचं तेवढं हलू द्या. छर्रा गोल डोक्याचा घ्या, चपटा कागदाच्या निशाणाला बरा. रिकामी उडवू नका, दट्ट्या आपटून खराब होतो. आणि वीस-पंचवीस पावलांच्या पलीकडं चाप ओढायचा नाही, हे काही मी विकू शकत नाही. ते तुमचं तुम्ही आणा."

मग त्यांनी 'डायना'वर हात ठेवला. "चांगली बंदूक कुठली? जी जनावराला जागच्या जागी मारते. नेम डोक्यावर. त्याला कळायच्या आत संपलं पाहिजे."

तिथं आमचं अडलं. थोरल्यानं विचारलं, "साहेब, पाखरू खाली पडेल, पण मरणार नाही, अशी कुठली?"

त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे?"

मधल्यानं सुरीचं सांगितलं. आम्ही पोचेपर्यंत पाखरात जीव असला पाहिजे, नाहीतर ते मुरदार. त्यांनी नीट ऐकून घेतलं. हसले नाहीत. म्हणाले, "अशी बंदूक नसते, मुलांनो. कमी जोराच्या बंदुकीनं पाखरू वाचत नाही, नुसतं जखमी होतं."

आम्हाला ते पटलं नाही. आमचा हिशेब सरळ होता. जोर कमी म्हणजे मार कमी, मार कमी म्हणजे जीव जास्त वेळ, जीव जास्त वेळ म्हणजे सुरीला सवड. आणि खरं सांगायचं तर पहिली बंदूक स्वस्तही होती. आम्ही तीच घेतली. गोणपाटात गुंडाळून गावी आणली.

आज आकडा मांडून बघतो तेव्हा त्या बंदुकीची लायकी कळते. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला दीडशे मीटर वेगानं सुटला, तर त्याचा जोर सहा ज्यूलच्याही आत भरतो. इंग्लंडमध्ये ससे आणि रानकबुतरं मारायला लोक वापरतात त्या बिनपरवाना बंदुकीची कायदेशीर मर्यादा बारा फूट-पाउंड, म्हणजे सुमारे सोळा ज्यूल आहे. तिथले जाणते शिकारी एवढ्या जोरानंसुद्धा फक्त डोक्यावर आणि जवळून मारा, असं बजावतात. आम्ही तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या बंदुकीनं मुद्दाम पंखावर नेम धरत होतो.

होय, मुद्दाम. डोक्यावर लागला तर मरेल म्हणून पंखावर, मांडीवर. दोन हिवाळे आम्ही हेच केलं. काही होले पडले, काही लावे. सुरी फिरली, खाल्ले. पण पडले त्याहून जास्त उडून गेले, एक पंख ओढत, बाभळीच्या पलीकडं. आम्ही म्हणायचो, "चुकला." चुकलेला नसायचा. एकदा संध्याकाळी, ससे बाहेर पडतात त्या वेळी, बांधावरच्या सशाला मागच्या पायात छर्रा लागला. तो लंगडत पळाला. चौथ्या दिवशी धनगराच्या कुत्र्यानं तो तरवडाच्या जाळीतून ओढून काढला. पाय सुजून काळा झाला होता. धनगरानं आम्हाला बोलावून दाखवला आणि काही न बोलता मेंढरांमागं निघून गेला.

तरी आम्ही थांबलो नाही. आमच्या मनात एक पक्कं होतं, की आपण हलालसाठी असं करतो. ज्या नेमानं जनावराला आराम द्यायचा, त्याच नेमाच्या नावानं आम्ही त्याला जास्त वेळ तडफडत ठेवत होतो. हे आम्हाला दिसत नव्हतं.

पारधी बिऱ्हाडं यायची तेव्हा ते फाशात धरलेले तितर जिवंत आणायचे. अब्बा एखादा घ्यायचे, आणि दारातच पाणी पाजून मोकळा करायचे. आम्हाला वाटायचं, ही काय शिकार? आता वाटतं, मुलाण्याला साजेशी शिकार तीच होती.

१९८५ ची दिवाळी झाली होती. वाड्यावरच्या मोठ्या आई आजारी होत्या. तोंडाला चव नाही, तितराचा रस्सा प्यावासा वाटतोय, असं त्यांनी कुणाजवळ तरी म्हटलं. ते आमच्या कानावर आलं. आम्हाला कोण आनंद. पाटलाच्या घरी आता आमच्या बंदुकीची शिकार जाणार.

पहाटे माळावर गेलो. पहिला तितर पंखात लागून पडला. पळालो, धरला, सुरी फिरवली. रक्त वाहिलं. सगळं रीतीप्रमाणं. घटकाभरानं दुसरा दिसला, दगडावर उभा राहून ओरडत होता. पंधरा पावलांवर. नेम पंखावर होता. बंदुकीनं आपला धर्म पाळला, म्हणजे चुकली. छर्रा डोक्यात गेला. पाखरू दगडावरून सरळ खाली पडलं. पंख हललाच नाही. आमच्या दोन वर्षांतला तो सर्वांत चांगला नेम होता.

पोचलो तेव्हा मान लोंबत होती. डोळ्यावर पापणी आली होती. आम्ही एकमेकांकडं पाहिलं. त्यानंतर एकानं सुरी काढली आणि मेलेल्या पाखराच्या गळ्यावरून फिरवली. बिस्मिल्ला म्हटलं की नाही, तेही आता आठवत नाही. दुसरा म्हणाला, "हलत होता की." तिसरा म्हणाला, "हो, हलत होता."

सुरी कुणी फिरवली, हे आम्ही कधी कुणाला सांगितलेलं नाही. आम्ही फिरवली.

पहिला तितर वाड्यावर दिला, दुसरा घरी आणला. अम्मानं वाटण घातलं होतं. अब्बा ओट्यावर बसले होते. त्यांनी पाखरू हातात घेतलं, मान मागं वळवली. जिवंतपणी कापलेल्या पाखराच्या गळ्याची पिसं भिजून चिकटतात. याची कोरडी होती. काठाला दोन काळसर थेंब, बस्स. त्यांनी मग आमचे हात पाहिले. मग सदरे. एकाच्या सदऱ्यावर पहिल्याचं रक्त उडालेलं होतं, ते सुकून तपकिरी झालं होतं. ताजं कुठंच नव्हतं.

"ये कब मरा?"

घरात आम्ही दखनी बोलतो. आम्ही म्हणालो, "काटते वखत हिलता था."

अब्बांनी पुन्हा विचारलं नाही. पाखरू खाली ठेवलं. विचारलं, "वाड्यावर काय दिलं?"

"दुसरा तितर. तो जिवंत होता अब्बा. खरंच. कसम से."

"अब वो सच किस पे मानूं?"

ते उठले. टोपी घातली. आम्हाला मागं घेऊन वाड्याकडं चालू लागले. गल्लीतून जाताना लोक 'राम राम मुलाणी' म्हणत होते, ते मान हलवत होते. आम्हाला वाटत होतं जमीन फाटावी.

मोठ्या आई पलंगावर बसल्या होत्या. सुनेनं पितळी पुढं ठेवली होती, रश्श्याची वाफ येत होती. अब्बा उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"आई, जेवला नसला तर थांबा. पाखरू रीतीनं झालंय असं पोरं म्हंत्यात. असंल बी. पन घरी पोरांनी एक खोटं आनलंय. तवा माझी खात्री न्हाई."

मोठ्या आईंनी पितळी बाजूला सारली. सुनेला म्हणाल्या, "घेऊन जा." मग अब्बांना विचारलं, "पोरांला मारलंस का?"

"न्हाई."

"मारू नगंस. उद्या कोंबडं पाठवते. तुझ्या हातानं कर."

'तुझ्या हातानं' हे त्यांनी काही टोचून म्हटलेलं नव्हतं. पण आम्हाला ते आजही ऐकू येतं. त्या माउलीला हलालचे मसले ठाऊक नव्हते. तिला मुलाणी ठाऊक होता. गाव अब्बांच्या सुरीवर जेवत नव्हतं, त्यांच्या शब्दावर जेवत होतं, हे त्या दिवशी आम्हाला कळलं. आणि हेही कळलं की खोट्या पाखरानं खऱ्या पाखरालाही खोटं पाडलं होतं. खरा तितर वाया गेला तो आमच्या शब्दामुळं.

परतताना अंधार पडला होता. मारुतीच्या देवळापाशी अब्बा थांबले. आम्हाला वाटलं आता मार बसणार. ते म्हणाले, "बंदूक बुरी नै. लेकिन अधमरा करना अपना काम नै." एवढंच. त्यानंतर त्यांनी या विषयावर शब्द काढला नाही. २००३ मध्ये ते वारले, तोवर नाही.

बंदूक आम्ही माळ्यावर टाकली. पावसाळ्यात गंजली. पुढं कधीतरी भंगारात गेली.

नंतर मधल्यानं शिक्षण पुरं केलं, मास्तर झाला, चार पुस्तकं वाचली. एका आलिमांना त्यानं छऱ्याचा मसला विचारला. त्यांनी जे सांगितलं ते ऐकून आम्ही थक्क झालो, कारण अब्बांना न वाचता ते माहीत होतं. कुरआनातल्या सूरह माइदाच्या तिसऱ्या आयतीत जे हराम सांगितलं आहे त्यात फटक्यानं मेलेलं जनावरही आहे. त्याला 'मौकूझा' म्हणतात. हजरत अदी बिन हातिम यांनी शिकारीच्या काठीबद्दल विचारलं होतं. उत्तराचा आशय असा, की धारेनं आत शिरून मेलं तर खा, आडव्या माऱ्यानं मेलं तर खाऊ नका. छर्रा चिरत नाही, आदळतो. म्हणून बहुतेक हनफी उलेमा छऱ्यानं मेलेली शिकार जायज मानत नाहीत, जिवंत सापडली आणि जबह झाली तरच ती हलाल. टोकदार गोळीच्या बाबतीत काही उलेमांचं मत वेगळं आहे, ते असो. आणखी एक हदीस त्यांनी सांगितली. बोटांनी खडे उडवायला मनाई केलेली आहे, कारण त्यानं शिकारही होत नाही आणि शत्रूलाही इजा होत नाही, फक्त कुणाचा दात पडतो, कुणाचा डोळा फुटतो. ऐकताना आम्हाला आमची गुळगुळीत नळीची बंदूक आठवली.

म्हणजे दुकानातले म्हातारबाबा आणि अब्बा एकच सांगत होते. एक म्हणत होते, मारायचं तर पुरं मारा. दुसरे म्हणत होते, कापायचं तर जिवंत हातात असू द्या. दोघांनाही अर्धवट नको होतं. छऱ्याची बंदूक घेऊन खाण्यासाठी शिकार करणाऱ्या आमच्यासारख्याची गोची अशी, की चांगला नेम लागला तर खाता येत नाही आणि खाता येईल असा नेम चांगला नाही. या दोहोंच्या मधे जी जागा उरते, तिथं माणूस खोटं बोलतो.

आणि कायदा? त्याचा तर आम्हाला तेव्हा पत्ताच नव्हता. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात लहान शिकारीसाठीही परवाना लागायचा, म्हणजे आम्ही केली ती सगळी चोरीची शिकार. १९९१ च्या दुरुस्तीनं ते परवानेही बंद झाले. २०२२ च्या दुरुस्तीनं कायद्याच्या अनुसूची नव्यानं मांडल्या, पण आपल्या रानातला ससा आणि तितर मारणं हा आजही गुन्हाच आहे. बंदूक बाळगता येते, ती वेगळी गोष्ट. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणं साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या नळीची आणि वीस ज्यूलपर्यंत जोराची एअर रायफल बिनपरवाना घेता येते, ओळखपत्र आणि पत्ता दाखवून. अनेकांना वाटतं, बंदुकीला परवाना नाही म्हणजे शिकारीलाही नाही. आम्हालाही तसंच वाटायचं. एका सोलापूर जिल्ह्यात १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं, तेव्हा लोक म्हणाले, एका पाखरासाठी एवढं? आता आमच्या माळावर तितराची हाक ऐकायला कान लावून बसावं लागतं. सगळे काही आमच्या बंदुकीनं मेले नाहीत, माळ नांगरले गेले, प्लॉट पडले. पण आमचा वाटा आम्ही कुणावर ढकलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नातवाला समोर बसवलं आणि हे सगळं सांगितलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा, तिघांनी मिळून, एकानं थांबलं की दुसऱ्यानं उचलत. घरातल्या बायकासुद्धा हातातलं काम ठेवून दारात उभ्या राहिल्या. त्यांनाही हे नवंच होतं.

पोरानं ऐकून घेतलं. मग जे विचारलं ते विचारणारच होता.

"पण सुरी कुणी फिरवली?"

"आम्ही," थोरला म्हणाला.

"तिघांनी?"

"तिघांनी."

त्यानं पुढं विचारलं नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "मग मी घेऊच नको का?"

आम्ही नको म्हणालो नाही. अब्बाही नको म्हणाले नव्हते. नेम धरण्यात जी मजा आहे ती आम्हाला ठाऊक आहे, श्वास अर्धा सोडून थांबायचं आणि सगळं जग माशीच्या टोकावर येतं ती. ती मजा पाप नाही. तिच्यापुढं काय उभं आहे, एवढाच प्रश्न आहे. बीजिंगला २००८ मध्ये अभिनव बिंद्रानं याच साडेचार मिलिमीटरच्या छऱ्यानं सुवर्णपदक आणलं. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला जगज्जेता झाला. दहा मीटरवरच्या त्या कागदावर दहा गुणांचा ठिपका केवढा असतो? अर्ध्या मिलिमीटरचा. छर्रा त्याच्या नऊपट रुंद. ससा त्यापुढं डोंगराएवढा म्हणायचा.

जूनमध्ये आम्ही तिघे त्याच्याबरोबर पुण्यात गेलो. ते जुनं दुकान आता तिथं नाही. दुसऱ्या दुकानातल्या तरुणानं सवयीनं आधी जोराची बंदूक पुढं केली, "काका, ही सगळ्यात पॉवरफुल." नातू म्हणाला, "पॉवर नको. नळीत पीळ कसा आहे? आणि मला दर वेळी सारखी धरता येईल अशी दाखवा." थोरल्यानं ओळखपत्र काढून दिलं. दुकानदारानं नाव वहीत लिहिलं, 'मुलाणी'.

त्यानं शिकवणी लावली. रविवारी आम्ही बघायला जातो. डोळ्यावर सुरक्षेचा चष्मा, मागं भिंत, कुणी पुढं जायचं असलं की बंदुका खाली. आम्ही मागच्या बाकावर बसतो. आम्हाला दहा मीटरवरचं ते भोक दिसत नाही. तिघांचेही डोळे गेले आता. परवा त्यानं एक छर्रा सोडला, दुर्बिणीतून पाहिलं आणि वळून आम्हाला सांगितलं, "आठ."

नऊ म्हणाला असता, तरी आम्हाला कळलं नसतं.